विषय : हयात असल्याबाबत

महोदय,
मी कुमुद मोरेश्वर कारखानीस,
वय एकाहत्तर, राहणार चरई, ठाणे,
निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
येत्या एकवीस तारखेला मुलीकडे जाते आहे,
न्यूझीलंडला, नेल्सन नावाच्या गावी.
किती काळासाठी, या रकान्यात
आधी सहा महिने लिहिलं, मग खोडलं.
खाडाखोड चालत नाही म्हणून
तांडेलबाईंनी दुसरा फॉर्म दिला.
त्यातही तो रकाना कोरा आहे.
तसाच राहू द्यावा.

बाकीची कामं उरकली.
शिधापत्रिकेवरून नाव कमी करायला गेले
तर खिडकीतला मुलगा म्हणाला, मयत का?
म्हटलं, नाही रे, मीच ती.
त्याच्या यादीत मयत होतं, लग्न होतं, विभक्त होतं,
आणि अगदी तळाशी, इतर.
मी इतर झाले. जरा बरंच वाटलं.

गॅसचं पुस्तक भाचीला दिलं.
टीएमटीचा ज्येष्ठांचा पास मात्र पर्समध्येच ठेवलाय.
त्यावरच्या फोटोत मी हसते आहे,
तसा फोटो आता निघायचा नाही.

अडलंय ते नोव्हेंबरात.
दर नोव्हेंबरात आम्ही सगळे
नौपाड्याच्या शाखेत जिवंत असतो.
काठ्या, थर्मास, मोतीबिंदूचे काळे चष्मे.
कर्णिक यंदा दिसले नाहीत, असं कुणी म्हणत नाही.
त्यांची खुर्ची घेऊन बसतो.
यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, पुन्हा.
पुन्हा ठेवते.
पुन्हा.
एकतीस वर्षं बोर्डावर दोऱ्या खोचल्या,
ठाणे-नागपूर, ठाणे-चिपळूण,
त्या भोकांतच राहिल्या असतील माझ्या रेषा.
तांडेलबाई ओल्या फडक्याने अंगठा पुसतात,
लहान मुलाचं नाक पुसावं तसा.

मोरेश्वर गेला तेव्हा एकच कागद लागला.
एकदाच. महापालिकेने दिला, शिक्क्यासकट, सात प्रती.
पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही,
अजून मेलेलाच आहे ना?
मुदत फक्त जिवंतपणाला असते.

तिकडून वकिलातीत जायचं तर मधे समुद्र आहे,
समुद्रावर बोट आहे आणि बोटीत मला उलट्या आहेत.
विशाखा म्हणते, आई, मोबाइलवर होतं.
चेहरा गोलात आणायचा,
ते सांगेल तेव्हा डोळे मिटायचे, उघडायचे.
एवढंच?
एवढंच.
मिटणं काय, सगळ्यांनाच जमतं.

एक शंका आहे.
तिथलं घड्याळ साडेसात तास पुढे.
तुमच्याकडे तीस नोव्हेंबरची संध्याकाळ, ऑफिस सुटायची वेळ,
तेव्हा माझ्याकडे डिसेंबर लागलेला असेल.
मी उद्यात हयात आहे,
हे आजच्या तारखेत धराल का?

आणि एक गोष्ट, आता सांगायला हरकत नाही,
पेन्शन केव्हाच सुरू झाली आहे.
ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की
आम्ही मधे शिरून विचारायचो,
तीन मिनिटं झाली, वाढवू?
कळव्याचा एक माणूस दर शनिवारी आईला फोन लावायचा.
दर शनिवारी म्हणायचा, नको.
पैसे मोजलेले असायचे त्याचे.
आणि तिकडे म्हातारीचं वाक्य अर्धंच असायचं,
म्हशीचं, नाहीतर गुडघ्याचं.
नियम होता, दोरी ओढायची.
मी पेन्सिल शोधायचे.
टेबलावर समोर दिसणारी पेन्सिल
चांगली अर्धा मिनिट शोधायचे.

तरी विनंती की
माझा दाखला चार दिवस उशिरा आला,
चेहरा गोलात बसला नाही,
किंवा पलीकडून नुसतीच खरखर ऐकू आली,
तर लगेच दोरी ओढू नये.

कळावे.
अंगठा उमटत नसल्याने सही करते.