दोन आजार

जेल रोडवरून निघालो की सहा किलोमीटर ती गुणी.
द्वारका आली की एक उचकी, दुसरी उचकी,
आणि मागच्या ट्रकच्या हॉर्नमध्ये
इंजिन असं विझायचं, जसं कुणी
बोलता बोलता नाव विसरावं.

किका मारून उपयोग नाही.
दुभाजकाला टेकून दहा मिनिटं उभं राहायचं,
घड्याळ बघायचं, पंचिंग चुकायचं,
मग ती आपणहून सुरू, जणू काही घडलंच नाही.
आयटीआय सिग्नलला पुन्हा तेच.
आणि या सगळ्याच्या खालून, पुढच्या बाजूने कुठूनसा
एक आवाज.

प्लग बदलला, कँटीनच्या दौलतचं ऐकून.
कार्बोरेटर धुतला.
मेहुणा म्हणाला, तुझा पंप पाणी घालतो.
पंप बदलला. लांब पडला, एवढंच.
बायको म्हणाली, शनिवारी घेतली होतीत, मी बोलले होते.
दिवाळी होऊन गेली.

सारडा सर्कलच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी
इद्रिस मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होता.
मी सुरुवात केली तर हात वर केला :
"सांगू नका साहेब. आवाज काढून दाखवा."

आता, मी तेवीस वर्षं सातपूरला, बेअरिंगच्या कारखान्यात.
नॉइझ टेस्टला. कानावर हेडफोन,
मिनिटाला बारा नग,
काटा हलायच्या आधी मला कळतं
कुठल्या गोळीवर ओरखडा आहे.
आणि तिथे भर गल्लीत, शाळा सुटलेल्या पोरांसमोर,
मला तोंडाने काढावं लागलं :
घर्र. घर्र. टिक. घर्र.

"टिक घर्रच्या आधी की नंतर?"

मी डोळे मिटून पुन्हा काढलं.
पोरं खिदळली. इद्रिस नाही.
म्हणाला, "आजार दोन आहेत. तुम्ही एकच धरून बसलात."

मग गाडी चालू ठेवून
आम्ही दोघं ती बंद पडायची वाट बघत बसलो.
गंमत म्हणजे त्या दिवशी ती पडेचना.
मला उगीच खोटं पडल्यासारखं झालं.
तिसऱ्या चहाला उचकी आली.
विझली. इद्रिस उठला, टाकीचं झाकण फिरवलं,

स्स्स्स...

आणि पहिल्या किकेत सुरू.

झाकण उलटं करून त्याने उन्हात धरलं.
मधे सुईच्या टोकाएवढं भोक,
पेट्रोल खाली उतरलं की हवा आत यायला.
त्यात काहीतरी लाल, दगडासारखं वाळलेलं.
"हे काय भरलंय?"

दसऱ्याला मीच लावलं होतं.
कुंकू पातळ कालवलं होतं, छान ओघळावं म्हणून.
टाकीवर स्वस्तिक, हँडलला झेंडू,
झाकणावर बोटभर जास्तच, कारण
तिथे चकचकीत होतं.

पिनेने दोनदा टोचलं. फुंकर.
"पुढच्या वर्षी मडगार्डला लावा."

मग पुढचं चाक उचललं, हाताने फिरवलं,
आसावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ स्वतःच्या कानाला लावली,
मग माझ्याकडे दिली. "ऐका."
मी डावा कान लावला. चाकाचा वारा फक्त.
तो बघत होता. काही बोलला नाही.
मी उजवा लावला.
घर्र. टिक.
"बेअरिंग," आम्ही एकदमच म्हणालो.

ठोकून काढलेली, पेपरवर ठेवलेली,
ग्रीस वाळून डांबर झालेलं.
मी रुमालाने कडा पुसली.
छापाचे दोन आकडे दिसले, तिसरा अर्धा.
बॅच नंबर त्याच्या पुढे असतो.
मी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली.

"नवी कुठल्या कंपनीची टाकू?
तुम्हाला तर माहीत असेल."

मी म्हटलं, तुम्ही नेहमी टाकता
ती टाका.