प्ले

तारीख तिसऱ्यांदा पुढं गेली.
आता म्हणे सतरा ऑक्टोबर, रात्री साडेनऊ.
आपल्याकडची वेळ त्यांनी वेगळी दिलीय,
जसं काही कुडचड्यात कोणीतरी जागं असणार
हे त्यांना ठाऊक आहे.

ट्रेलर मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही.
काचेवरचा थेंब वेग वाढला की वर चढतो.
वायपरच्या रबराला बारीकशी चीर आहे,
तिची रेघ दर फेरीला उमटते.
टायर तापले की पकड धरतात, फार तापले की सोडून देतात.
आणि ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली वाकतं,
सगळं वजन पुढं येतं.
वजन!
इतकी वर्षं गेममधल्या गाड्यांना ते नव्हतंच,
भिंतीला आपटून त्या चेंडूसारख्या परत यायच्या
आणि आम्ही त्याला ड्रायव्हिंग म्हणायचो.

स्टिअरिंग मोरजीच्या एका रशियनाकडून आणलं.
तो सामान विकून परत निघाला होता.
साडेसहा हजार, पेडलांसकट, क्लच जरा चिकट.
आग्नेलनं ते आईच्या शिलाई मशीनच्या फळीला
दोन शिकंजे लावून आवळून दिलं.
खाली आता चार पेडल झाली आहेत.
वळणावर घाईत पाय चुकतो
आणि सुई कापडाशिवाय धावायला लागते.
आई म्हणते, तुजी गाडी काड,
म्हाका फॉल लावपाचो आसा.

दिवसा मी भाड्याच्या गाड्या दाबोळीला पोचवतो,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे, काटा साठच्या आत.
पर्यटकाच्या हाती चावी देण्याआधी
चारी बाजूंनी फोटो काढायचे, प्रत्येक ओरखड्याचा.
परत आली की पुन्हा.
नव्या गेममध्ये ओरखडेही खरे पडणार आहेत म्हणतात.
फक्त त्यांचे पैसे कोणी कापून घेणार नाही.

रात्री जुनाच गेम लावून हात बसवत होतो
तर बाबा मागे येऊन उभे.
खाणी चालू होत्या तेव्हा ते टिप्पर चालवायचे,
खाणीपासून जेटीपर्यंत, पैसे खेपेवर.
दिवसाला आठ खेपा मारणारा राजा.
सावर्ड्याच्या त्या वळणावर
कोणी कोणाला कसं मागं टाकलं
हे अजून तिंट्यावर सांगितलं जातं,
नावं थोडी बदलून.

'ऊठ,' म्हणाले. बसले.
एका बोटानं चक्र हलवलं. जरासंच.
'हाका प्ले ना मरे.'
त्यांच्या टिप्परला पाव वळसा प्ले होता,
तेवढा हात रिकामा फिरायचा, मग कुठं चाक ऐकायचं.
तेवढ्या रिकाम्या जागेत, म्हणे, माणूस विचार करतो.
मग अंगठ्यानं मधोमध दाबून पाहिलं, परत दाबलं.
'हॉर्न खंय?'
नाही, म्हटलं. शर्यतीत नसतो.
'मागीर फुडलो वाट कशी दितलो?'

नवा कधी येतो, तेही विचारलं.
तारीख सांगितली.
हसले नाहीत. 'फुडें वतली ती,' एवढंच,
दर पावसाळ्यानंतर
पुढच्या सीझनला खाणी सुरू होतात
हे ऐकत आलेल्या माणसाच्या आवाजात.

मग चपला ओढत परसात गेले.
फणसाखाली टिप्पर उभा आहे. बॅटरी विकली,
टायरांच्या खाचांतून टाकळा उगवलाय.
दर आठवड्याला ते केबिनमध्ये चढतात
आणि स्टिअरिंग जाम होऊ नये म्हणून
डावीकडे पुरं, उजवीकडे पुरं, असं फिरवून ठेवतात.
आज वार वेगळा होता, तरी चढले.
पडवीतून ऐकू येत होतं,
आधी काहीच नाही, मग करकर.

गेम एकशे बारा जीबीचा आहे.
माझ्याकडं जागा त्र्याण्णवची.
बसलोय एकेक फोटो पुसत,
कुठल्या गाडीचा, कुठल्या दारावरचा ओरखडा,
आता आठवतही नाही.