बोटभर ढील

खड्डा साडेपाच फूट. वर काळी, खाली मुरूम,
तळाला रेतीची गादी. ती इरण्णा म्हमाणे
हातानं सारखी करतोय, भाकरी थापावी तशी.

मी काठावर, कागद घेऊन.
कागदावर माती म्हणजे स्प्रिंगांची रांग:
एक बाजूनं रेटणारी, एक लांबीनं ओढणारी,
एक खालून उचलणारी.
इरण्णाला स्प्रिंग ठाऊक ती भावाच्या मागावरची,
तुटली की अख्खी चादर वाया.

"घर पडतंय का, म्याडम? भांडतंय म्हणून.
जमीन म्हणती चल, घर म्हणतंय थांब.
पाइप भांडत नाही. माती जाईल तिकडं जातो."

मग फुटतो कसा?

फावडं टेकवून तो जरा थांबला.
"माती बदलती तिथं. काळी ओढती इकडं,
मुरूम सोडत नाही तिकडं."

किल्लारी हललं त्या पहाटे तो बावीसचा.
विसर्जनाचा गुलाल कानामागं तसाच.
सगळी पेठ रस्त्यावर, दारं सताड,
आणि हा पालथा पडलेला:
सळईचं एक टोक जमिनीला, एक कानाला.
खाली बिडाच्या जुन्या नळात
शिशाचा सांधा सुटून पाणी बोलत होतं.
"वर आई हाका मारत होती म्हणे.
मला पाणीच ऐकू आलं."

एवढं बोलून तो यल्लय्याला तेलुगूत ओरडला,
क्रेनवाल्याला कन्नडात,
आणि उरलेलं वाक्य माझ्यापाशी मराठीत संपवलं.
कुठं गळालं नाही.

रबराची रिंग बसली. साबणाचं पाणी लावलं.
नळाचं तोंड नळात सरकलं.
मी म्हटलं, अजून रेटा, शेवटपर्यंत.
"नको की. बोटभर राहू द्या.
तिला हलायचंय, ह्याला सरकायचंय."

नकाशात बारा मिलिमीटर.
मी खाली उतरून टेप लावली. त्याचं बोट चौदा.
बारा खोडून चौदा लिहिलं,
सही केली, हात चिखलाचा होता.

मग आधी रेती, वर चाळलेला मुरूम, शेवटी काळी.
ह्या गल्लीला पाणी गुरुवारी.
तोवर नळ रिकामा,
आणि माती त्याला
हळूहळू धरू लागलेली.