गटात मोडणे

मसुदा इंग्रजीतला, बेचाळीस पानांचा.
शब्दाला दीड रुपया, बिल महिनाअखेरीस.
तिसऱ्या पानावर एक शब्द आला
आणि नारायण पेठेतल्या त्या खोलीत
मी पंखा बंद करून बसले.

दुर्बल लिहिलं. खोडलं.
दुर्बल म्हणजे ज्याच्यात बळच नाही,
आणि मसुदा तर म्हणत होता, बळ काढून घेतलं जातं.
वंचित लिहिलं, तो सभांच्या मांडवात झिजलेला.
असुरक्षित लिहिलं की लगेच एक पहारेकरी उभा राहतो,
विचारतो, कुंपण घालू का?
नाजूक तर खोक्यावर छापतात,
बाण वर करून.

आई फोनवर म्हणाली,
टाळू न भरलेला माणूस, असं चालेल का गं?
मी हसले. कलम चारमध्ये टाळू कुठे बसवू?
शेवटी ‘असुरक्षित घटक’ ठेवलं.
साहेबांना घटक आवडतात.

मग प्रश्नावली तपासायला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत.
धरणातून पाणी सोडल्याला नऊ दिवस झालेले,
भिंतींवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ.
पीएमटीतून उतरताना पडून
माझं उजवं मनगट मोडलेलं, गळ्यात झोळी,
म्हणून टिकमार्क डाव्या हाताने, वाकडे.

प्रश्न सहावा : आपण कोणत्या गटात मोडता?

झुंबरबाई खिलारे, काच-पत्रा, वय अंदाजे पंचावन्न.
“मोडता म्हंजी?”
म्हणजे येता. बसता.
“मग तसं इचारा की. मोडायचं काय त्यात?
मालक गेले तवा मोडले नाय.
पाणी आलं तवा भिंत मोडली, मी नाय.
पाणी सोडनाऱ्यानं सांजच्यालाच सांगितलं असतं
तर भांडी तरी माळ्यावर गेली असती.
ते लिवा. त्याला चौकट हाय का?”

चौकटी होत्या :
विधवा, वृद्ध, दिव्यांग, स्थलांतरित,
इतर (नमूद करा).
इतरला दीड इंच जागा.
भोंगा का वाजला नाही
हे दीड इंचात मावेना.

तुळशीराम लोखंडे मागून म्हणाले,
साठ पुरे व्हायला चार महिने कमी आहेत माझे.
तोवर मी धट्टाकट्टा समजायचा का, मॅडम?
त्यांच्या गुडघ्याला गरम पट्टा होता, वर चिखल.
एका पोराला तर कशातही चालणार होतं,
माझं पण लिहा, माझं पण, मला दम लागतो.

निघताना पायऱ्या शेवाळलेल्या.
झुंबरबाईने माझं कोपर धरलं,
न विचारता, पोतं धरावं तसं घट्ट.
“हात कशानं मोडला?”
पडले.
“मग तुमी कोनच्या गटात?”
आणि पहिल्यांदा हसली.
खालच्या पायरीवर दोघी जराशा घसरलो,
एकमेकींना धरूनच.

रात्री डाव्या हाताने सहावा प्रश्न बदलला :
तुम्हाला कोणी, केव्हा, कशाने उघडं पाडलं,
आणि तेव्हा सोबत कोण होतं?

मसुदा परत आला. समासात लाल शाईने :
मूळ मजकुराशी विसंगत. कृपया ‘मोडता’ कायम ठेवावे.
अकरा शब्दांचे साडेसोळा रुपये कापून.

दिवाळीच्या आधी प्लास्टर निघालं.
आतलं मनगट बारीक, पांढुरकं,
दुसऱ्याच कुणाचं तरी.
आई तेलाची वाटी घेऊन बसली.
बोटाच्या टोकाने, अगदी हलक्याने,
टाळूवर जिरवतात तसं
जिरवत राहिली.
मी विचारलं, किती दिवस लावायचं?
ती म्हणाली, बघू.