शेरा

पायसांदूच्या लोकर सहकारी संघात
मला तीन आठवड्यांसाठी धाडलं होतं.
काम साधं. सत्त्याण्णव सालची प्रणाली उचलायची,
नव्या मंचावर नेऊन ठेवायची,
जुना सर्व्हर बंद करायचा
आणि तेव्हा कुणी रडणार नाही एवढं बघायचं.
शेवटचं कलम करारात नव्हतं.

सर्व्हर जिन्याखाली,
शेजारी नमुन्यांची पोती,
त्याच्या पंख्यातूनसुद्धा मेंढीचा वास यायचा.
ती प्रणाली घडवली उबाल्दो फेरेइराने, एकट्याने,
रात्रपाळीचा पहारेकरी असताना.
तो गेला त्यालाही आता पंधरा वर्षं.
आज्ञावलीत त्याची एक ओळ सापडली:
हे का चालतं ते मला ठाऊक नाही. हात लावू नका.
मी हात लावला. त्याचेच पैसे मिळतात मला.

मग तक्ता. डावीकडे जुने रकाने, उजवीकडे नवे.
सभासद क्रमांकासमोर सभासद क्रमांक.
गाठींसमोर गाठी.
लोकरीचा कस होता, तो मायक्रॉनमध्ये गेला.
शेरा.
शेऱ्यासमोर काहीच नाही.

शेरा नेलिदा भरायची.
बावीस वर्षं फोन तीच घ्यायची,
रिसीव्हर खांद्यात धरून, दोन बोटांनी टायपत.

बारापूर्वी फोन नको, मेंढ्या विताहेत.
उजव्या कानाने ऐकत नाही. मोठ्याने बोला पण ओरडू नका, अपमान वाटतो.
भावाशी बोलणं नाही. बिलं दोन पाकिटांत.
आणि सहा वर्षांनी त्याच्याच खाली:
एक पाकीट चालेल.

नव्या मंचावर या साऱ्याला एक यादी होती:
सक्रिय. निष्क्रिय. प्रलंबित.

बैठकीत व्यवस्थापक वॉल्तेर इरिगाराय म्हणाला,
बिऱ्हाड हलवताना मडकी फुटायचीच.
आणि कोण वाचतं हो ते?
नेलिदा तिथेच बसली होती,
थर्मास काखेत, येर्बाच्या भोपळ्यावर
गरम पाणी ओतत होती. ओतत राहिली.

मी चाचणी घेतली. मजकुराच्या रकान्यात
दोनशे पंचावन्न अक्षरं मावत होती, पुढचं तुटत होतं.
सभासद चारशे बारा, रुपेर्तो ओलासो:
बायको गेल्यापासून कातरणी उशिराच होते. विचारलं की
बरा आहे म्हणतो, पण

इथे तुटलं.
मी बराच वेळ त्या पणकडे बघत राहिलो.
मग खाली, अगदी खाली, एक रकाना दिसला,
लांबीची अट नसलेला, कुणी न वापरलेला:
फॅक्स.

संघात फॅक्स यंत्र नाही.
असलं तरी या माळावर कुणाकडे असणार?
अकरा हजार चारशे नोंदी मी रविवारी रात्री
फॅक्स क्रमांकाच्या नावाखाली पलीकडे नेल्या,
आणि नेलिदाला एका चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं.
तिने चिठ्ठी वाचली, थर्मासखाली दाबली,
मला एक घोट दिला. कडू होता.

सोमवार. मंचाने तिला छायाचित्र मागितलं,
तिने थर्मासचं दिलं.
मग पहिला निरोप लिहिला, आणि तो चुकून
चार शहरांतल्या तीनशे चाळीस जणांना गेला:
रुपेर्तोला आज फोन करू नका. घोडी व्यायली.

वॉल्तेर काचेमागून उठलाच होता.
तेवढ्यात साल्तोच्या गोदामातून कुणी विचारलं,
रंग?
ताकुआरेंबोहून कुणी: नर की मादी?
हिशेब विभागातला, ज्याचा आवाज
मी तीन आठवड्यांत ऐकला नव्हता, तो म्हणाला:
आई कशी आहे?

नेलिदाच्या नावापाशी तीन टिंबं हलत होती.
दोन बोटांचं टायपिंग, वेळ लागतो.
कुमैत. मागचा एक पाय पांढरा. आई उभी आहे.

मोंतेविदेओला परतल्यावर, प्रवेशाधिकार संपायच्या आदल्या दिवशी,
मी सहज चारशे बारा उघडून पाहिला.
फॅक्स क्रमांकात जुनं सगळं होतं, न तुटलेलं,
पणच्या पुढचंसुद्धा.
आणि त्याखाली, नव्या तारखेने:
आज स्वतःहून फोन केला. हसला.