सोबत जोडलेला कागद

रकाना बारा.
आपणाविरुद्ध कधी गुन्हा नोंद झाला आहे काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.
मी 'नाही' खोडलं.
रेघ जरा लांबली, तेराव्या रकान्यात घुसली,
तेवढी माफी असावी.

तपशील द्या, असं छापलंय,
आणि जागा सोडलीय अडीच बोटं.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात :
जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.
तर हा तो कागद, साहेब.

एकोणीस वर्षांचा होतो.
उद्यमनगरात लेथवर, रात्रपाळी.
पाळी सुटली की आम्ही चौघं शिंगणापूर बंधाऱ्यावर,
नखांत लोखंडाचा चुरा, खिशात पुडी.
पुडीत काय होतं ते पंचनाम्यात आहे :
"हिरवट, उग्र वासाची, पाने फुले बिया मिश्रित."
माझं इतकं नीट वर्णन
तोवर कुणीच केलं नव्हतं.

शिकलगार हवालदारांनी पकडलं.
मारलं नाही. जेवलास का, विचारलं.
तेव्हा रडलो, ते पंचनाम्यात नाही.

दंड आईनं भरला, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून.
घरी आल्यावर एवढंच म्हणाली,
"जा, म्हशीला सांग, पैसं कुठं गेलं."
मी गेलो. सांगितलं.

सुटलं कसं, ते या कागदावर मावणार नाही.
पळून पळून सुटलं, असं धरा.
विद्यापीठाच्या मैदानावर पहिल्या दिवशी
तीनशे मीटरवर ओकलो.

अकादमीत एकानं सुई दाखवली,
"दम वाढतोय लगा, समदी घेत्यात."
त्याच्या दंडावरची नस बघत
मी बराच वेळ उभा राहिलो.
(बराच वेळ, हे खरं लिहायला पाहिजे.)
मग बूट बांधले.
नको म्हटल्याचा रकाना कुठं आहे?
फॉर्म उलटसुलट बघितला.

सोळाशे मीटर, पाच मिनिटं चार सेकंद.
यादीत बेचाळिसावा.
झेरॉक्सवाला म्हणाला, "नाही लिही भावा, कोण बघतंय?"
विनायक म्हणाला, "लिहिलंस तर आत घेणार न्हाईत,
लपवलंस तर आतनं काढतील."
चहा त्यानंच पाजला.

मला एवढंच दिसतं :
वर्दीत मी, बंधाऱ्यावर, पहाट,
समोर एक पोरगं, नखांत चुरा.
जेवलास का, हे विचारायला
आत खोटं असून चालेल का,
मला माहीत नाही.

आणखी एक.
पडताळणीला माणूस पाठवाल तर दुपारी पाठवा.
सकाळ-संध्याकाळ आई धारेला बसते.
पोरगा कसा आहे, असं विचारलंत
तर आधी ती म्हशीचंच सांगेल.
जरा थांबा म्हणावं.

रणधीर दत्तू आडनाईक
चेस्ट नंबर २१८७