आतून नऊ

कुडतरीच्या तळ्याकडून वळलं की
आधी दिसतो दरवाजा,
त्याच्या डोक्यावर उघड्या पंख्यासारखी अर्धगोल काच,
मग डावीकडे पाच खिडक्या, उजवीकडे पाच,
जणू कुणी कागद मधोमध दुमडला
आणि शाई ओली असतानाच उलगडला.

मी टेप घेऊन आलेय मडगावहून.
दोन भाऊ, एक घर, वाटणीचा नकाशा.
वकील म्हणाले, सोपं काम,
घरच मुळी सारखं कापलेलं.

एर्मेलिंद कुलासो मागे मागे फिरतात,
अंगात गंजी, हातात किल्ल्यांचा जुडगा.
पणजोबा मुंबईला, गोदीत हिशेबनीस.
जॉर्ज राजांच्या वेळच्या कुठल्याशा कोठीचं चित्र
त्यांनी पगारातून विकत घेतलं,
घडी घालून बोटीतून आणलं.
घराचा तोंडवळा त्या चित्राचा.
पण बाल्कांव आपला,
रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायला.
राजांगण आपलं. चिरे आपले.
चुना आपल्याच खाडीतल्या शिंपल्यांचा.
'साहेबाचं फक्त नाक,' ते म्हणतात
आणि स्वतःचं चोळतात.

बाहेरून मोजल्या: दहा.
आतून मोजल्या: नऊ.
चहा घेतला, पुन्हा मोजल्या.
सालातल्या झुंबराखालून उजव्या टोकाला गेले.
जिथं शेवटची खिडकी हवी
तिथं आल्तार, सांत आंतोनी,
वितळून वाकलेली मेणबत्ती
आणि मागे सरळ भिंत.

'बाय, तें जनेल न्हय,' शिडीवरून शाबी च्यारी म्हणाला,
'तें जनेलाचें सोंग.'

देवाच्या पाठीला भोक नको,
आणि चित्रात तर पाच.
म्हणून भिंतीला बाहेरूनच चौकट ठोकली,
झडपा लावल्या, शिंपले बसवले,
कडीसुद्धा.

धाकटे भाऊ लिगोरिओ इंग्लंडात, बाथजवळ.
त्यांचा आवाज एर्मेलिंदच्या तळहातातून येतो:
इथंही आहेत रे, रस्तेच्या रस्ते,
बुजवलेल्या खिडक्या.
कुणी म्हणतं कर वाचवायला,
कुणी म्हणतं नुसत्या शोभेला.
कामावर जाताना मी एकीवर रोज टकटक करतो.

दोघं इतके हसले
की मी टेप गुंडाळून उभी राहिले.

मग सांगितलं. लहानपणीचा खेळ.
एकानं बाहेरून त्या खिडकीवर वाजवायचं,
दुसऱ्यानं आल्ताराखाली वाकून विचारायचं, कोण?
चिऱ्यातून काही म्हणजे काही ऐकू जायचं नाही.
तरी दोघंही सांत आंतोनीची शपथ घ्यायचे,
आलं ऐकू.

'उजवी बाजू माझ्या नावावर लिही,' लिगोरिओ म्हणाले.
'चार उघडायच्या, एक न उघडायची.
मी असाही तिथं नसणार.
पावसात निदान एक तरी
बंद करायची राहून जाणार नाही.'
एर्मेलिंदनी फोन दुसऱ्या कानाला लावला
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

शाबीनं पहिली दुरुस्त केली तीच.
फुटके शिंपले उपसले.
एका मोडलेल्या घरातले जुने राखून ठेवलेले
घासले, उन्हात धरून पाहिले, पुन्हा घासले,
एकेक करून लाकडाच्या खाचेत सरकवले.
मी म्हटलं, हिच्यातून उजेड जायचा कुठं?
तो म्हणाला, ऊन काय
आत जायला मिळतंय का बघून पडतं?

त्याच्या बिलात: जनेलां धा.
माझ्या नकाशात: खिडक्या नऊ.
दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत.
वकिलांनी अजून विचारलेलं नाही.

शेवटच्या दिवशी निघाले तेव्हा तिन्हीसांज.
डास यायच्या आत
एर्मेलिंद झडपा लोटत निघाले डावीकडून.
फाटकाशी उभी राहून मी कड्या मोजल्या,
सवयीनं.
नऊ झाल्या.
मग काहीच नाही.

ती भिंत सव्वीस इंच जाड आहे, मीच मोजलीय.
तिच्यातून काही ऐकू येत नाही.
तरी फाटक ओढता ओढता
मी थांबले.